जडावकाकींचं सरपण

सरपण आधी झटकून, मग कुंचलीनं झाडून चुलीत घालणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे आमच्या जडावकाकी. आता माझ्या नातसुनेच्या स्वयंपाकघरात रॉकेलचा स्टो भरभरतो, काडी ओढली की चहा. पण ओल्या लाकडाचा वास कुठून आला की मला अजून ती ठक्‌ठक्‌ ऐकू येते. मागच्या पडवीत काकी बसल्या आहेत, एकेक लाकूड उचलून फरशीवर हलकेच आपटताहेत, आणि आतून निघालेल्या किड्यामुंग्यांना सांगताहेत, "चला, बाहेर चला. आता हे घर पेटणार."

नात्यानं त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाच्या बायको. तरुणपणीच विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. पण घोडेगावात त्या सगळ्यांच्याच काकी होत्या. पेठेतल्या कासाराच्या, शिंप्याच्या आणि डोंगरातून मोळ्या घेऊन येणाऱ्या कोळणींच्यासुद्धा. मी जुन्नरहून लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मला सासू म्हणून काकीच मिळाल्या. आम्ही मूळचे मारवाडातले जैन. पण मारवाड आमच्या घरात लग्नातल्या गाण्यांपुरता आणि लोणच्यापुरताच उरला होता. काकी बोलायला लागल्या की इथल्याच मातीतल्या वाटत. आवाज खणखणीत, हाड मोठं आणि चालणं असं, की पायाखाली काही येऊ नये म्हणून सदा मान खाली. लोकांना वाटे बाई लाजाळू आहे. एकदा बोलून बघितलं की तो गैरसमज कायमचा जाई.

सकाळी सामायिक, म्हणजे आमचं घडीभराचं ध्यान, झालं की त्या दिवसाचे नियम बांधायच्या. आज एवढेच जिन्नस खाईन, एवढंच पाणी वापरीन, एवढ्याच वाटेनं जाईन. आमच्या धर्मात हे सांगितलेलं आहे, पण बहुतेक लोक ते सणावारी पाळतात. काकी रोज पाळायच्या. एकदा कुणाकडची तरी गरम जिलबी आली. काकींना जिलबी जीव की प्राण. पण सकाळी बांधलेले जिन्नस भाकरी, मूग आणि ताक यांतच संपले होते. त्यांनी जिलबीचं ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाल्या, "उद्याच्या नियमात पहिलं नाव हिचं." दुसऱ्या दिवशी ती शिळी, चामट जिलबी त्यांनी इतक्या आनंदानं खाल्ली की मला आमची आदल्या दिवशीची गरम जिलबी फुकट गेल्यासारखी वाटली.

पण सगळ्या नियमांचा राजा म्हणजे पाण्याचा नियम. कच्च्या पाण्यात असंख्य जीव असतात, म्हणून पाणी उकळूनच प्यायचं, हे काकींचं जन्माचं व्रत होतं. आणि त्या एकट्याच पीत नव्हत्या, सगळ्या घराला पाजत. पहाटे चुलीवर मोठा तांब्याचा हंडा चढायचा. चातुर्मासात साध्वी गावात असल्या की येणाऱ्याजाणाऱ्या श्रावकांसाठी आणखी एक. उकळलेलं पाणीही ठराविक प्रहरांनंतर पुन्हा सजीव होतं म्हणतात, म्हणून उरलेलं कोरड्या दगडांवर पसरून टाकायचं आणि पुन्हा नवा हंडा. माझे यजमान त्यांना डिवचायचे, "काकी, उकळल्यावर ते जीव मरतातच की!"

"एकदा मरतात," काकी म्हणायच्या. "न्हाईतर घोटाघोटाला मारशील. गप पी."

या हंड्याखाली जळणारं लाकूड यायचं चिमाच्या डोक्यावरून. चिमा ही डिंभ्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका वाडीची कोळीण. काळी, शेलाटी, गुडघ्याच्या वर लुगडं कसलेली. पहाटे निघून ती मोळी घेऊन यायची आणि थेट आमच्या मागच्या दारी टेकवायची. दुसऱ्या दारी जायचीच नाही. काकी वरून पाणी ओतायच्या, ती ओंजळीनं प्यायची आणि दर वेळी तोंड वेडंवाकडं करायची.

"काकी, तुमचं पानी मेल्यालं लागतं बगा. चवच न्हाई."

"मेलेलंच पाहिजे मला. तुझं तू झऱ्याचं पी की घरी जाऊन."

मग दोघींची बैठक बसायची. काकी लाकूड झटकत, लोकरीच्या मऊ कुंचलीनं, म्हणजे पुंजणीनं, फटी झाडत. चिमा पाय पसरून तंबाखू मळे आणि हसे. एकदा एका ओंडक्यातून मुंग्यांचं अख्खं गाव बाहेर पडलं तेव्हा काकींनी तो ओंडका बाजूला काढला आणि फर्मावलं, "हे जिथून आणलंस तिथं नेऊन ठेव." चिमा म्हणाली, "न्येते की. मुंग्यास्नी बी सांगते, काकीनं माघारी धाडलंया." आणि खरंच घेऊन गेली. वाटेत टाकला की वाडीपर्यंत नेला, ते तिचं तिलाच ठाऊक. पण काकींचा तिच्यावर विश्वास होता. मला वाटतं त्या घरात काकींना मैत्रीण म्हणावी अशी ती एकटीच होती.

ती प्लेगची वर्षं होती. पुण्याहून जीव घेऊन पळालेली कुटुंबं आमच्याकडे येऊन राहिली, पेठेत चुली वाढल्या. पुण्याच्या शेगड्यांसाठी डोंगरात कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्याच. भीमाशंकरच्या यात्रेला गाड्या जायच्या आणि येताना लाकूड लादून यायच्या. कुणाला काही वाटत नव्हतं. डोंगर मोठा, रान मोठं, मागायचं आणि आणायचं. मलाही वाटत नव्हतं. फक्त चिमा हळूहळू उशिरा यायला लागली. पूर्वी आमची न्याहारी व्हायच्या आत यायची, ती जेवणं उरकल्यावर यायला लागली. मोळीत लाकडं बारीक दिसू लागली, मग ओली. ओल्या लाकडात जीव फार. काकींचं झटकणं संपता संपेना.

अशाच एका मोळीत ते घरटं निघालं.

पानं शिवून केलेलं, शिंपी पाखराचं. मुठीएवढं. आत कापूस, आणि कापसात इवलीशी ठिपक्यांची अंडी. काकींनी ते ओंजळीत घेतलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही कुणी त्यांच्या पदरात पाळणाच आणून टाकला. चिमा तोवर बाजारात मीठमिरची घ्यायला गेलेली. ती परत येईतो काकींनी गाडी जुंपायला सांगितली होती. सासरे हिरड्याच्या खरेदीला जुन्नरला गेलेले, नाहीतर हा प्रकार उंबऱ्याच्या आतच मोडला असता.

"काकी, अवं पाखरू सोडून गेलं आसंल," चिमा म्हणाली.

"आईला सोडून जाता येतं व्हय? ती तिथं भिरभिरत असेल. तू फक्त झाड दाखव."

आमचा म्हातारा गडी धोंडूबाबा, त्यानं गाडी हाकली. मागे काकी, मी आणि संकोचानं कडेला टेकलेली चिमा. मला मनातून हसू येत होतं. एका घरट्यासाठी बैल जुंपणारं खटलं पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. काकींनी दोन्ही हातांनी घरटं छातीशी धरलं होतं. पिण्याचा उकळलेल्या पाण्याचा लोटा त्यांच्या पायाशी ठेवलेला. डिंभ्याच्या पुढच्या चढाला गाडी दगडावर आदळली, लोटा कलंडला, आणि सगळं पाणी फळ्यांच्या फटीतून खाली गेलं. एका हातानं धरला असता तर राहिला असता. पण हात मोकळा नव्हता.

गाडीवाट संपल्यावर आम्ही चालत वर गेलो. वाडी आली. चिमानं तिच्या घरामागच्या उताराकडं हात केला.

काकी कितीतरी वेळ झाड शोधत होत्या. मीही शोधत होते. समोर नुसती खुंटं होती. उतारभर, नजर जाईल तिथवर, कमरेएवढी, गुडघ्याएवढी खुंटं, आणि त्यांच्यामध्ये तांबडी माती उघडी पडलेली. काही खुंटांना बाजूनं कोवळे धुमारे फुटले होते. त्यातल्याच एका धुमाऱ्यावर ते घरटं होतं.

"ह्ये," चिमा एका बुंध्याला हात लावून म्हणाली. "ह्याचं व्हतं."

"मग ठेवू कुठं?" काकींनी विचारलं. शेवटी चिमानंच ते घरटं करवंदीच्या जाळीत आत खोल बसवलं. काटे लागून तिचा हात रक्ताळला. "यील पाखरू," ती म्हणाली. अंडी केव्हाच गार झाली होती, ते आम्हा तिघींनाही माहीत होतं.

ऊन चढलं होतं. काकींच्या घशाला कोरड पडलेली दिसत होती. चिमानं मला झऱ्यातलं पाणी दिलं. तो झरा म्हणजे कातळातली ओल होती. बायका रांगेनं बसून वाटीवाटीनं भरत होत्या. पूर्वी इथून पाट वाहायचा, असं चिमाची जाऊ म्हणाली. काकी कच्चं पाणी पिणार नाहीत हे चिमाला ठाऊक होतं. ती घरात गेली, कोपऱ्यात दुसऱ्या दिवशी विकायला बांधून ठेवलेली मोळी सोडली, त्यातली चार लाकडं ओढून काढली आणि चूल पेटवली. वाटीवाटीनं भरलेल्या हंड्यातलं पाणी तिनं मडक्यात ओतलं आणि चुलीवर ठेवलं.

काकी दारात बसून ते बघत होत्या. लाकडं ओली होती, धूर कोंडला. चिमा फुंकणीनं फुंकत होती, डोळे पुसत होती. उकळायला फार वेळ लागला. उकळून निम्मं झालेलं, धुरकट वासाचं ते पाणी चिमानं पितळीत ओतून फुंकर मारून पुढं केलं.

"घ्या काकी. मारलं बगा समदं."

ती नेहमीसारखं हसवायला म्हणाली होती. काकींनी पाणी प्यायलं. थेंबही सांडू दिला नाही. आणि मग पितळी खाली ठेवून त्या ढसाढसा रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हंडा चुलीवर चढला नाही. काकींनी चुलीतली गार राख चाळली, पाण्याच्या घागरीत कालवली आणि निवळायला ठेवली. राखेच्या धोवणानंही पाणी निर्जीव होतं. आमच्या साध्वी असलं पाणी पितातच. म्हणजे व्रतही राहतं आणि लाकूडही जळत नाही. इतकी वर्षं हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं. त्या पाण्याची चव मी सांगत नाही. ज्यानं चुलीपुढं बसून तोंडात राख उडवून घेतली आहे, त्याला कळेल.

घरानं अर्थातच ते नाकारलं. सासरे जुन्नरहून आले, पहिला पेला तोंडाला लावला आणि अंगणात थुंकले.

"भाभी, पाहुण्यांना राख पाजायची? मारवाड्याच्या घरात जळणाला महाग झाले म्हणतील."

"म्हणू द्या."

"तुमच्या एका लोट्यानं काय डोंगर वाचणार आहे?"

"न्हाई वाचणार," काकी म्हणाल्या. "पण मला त्यो उतार दिसतो. पाणी पिताना दिसतो. मी काय करू?"

शेवटी तोडगा असा निघाला की घराचा हंडा घराचा आणि काकींची घागर काकींची. त्या थंड पाण्यानं अंघोळ करू लागल्या. स्वतःपुरता स्वयंपाक निरगुडसरच्या आमच्या शेतातल्या तुराट्यांवर, तुरीच्या वाळल्या काड्यांवर, करू लागल्या. तुराटी भडकन पेटते आणि भसकन विझते, चुलीपुढून क्षणभर उठता येत नाही. पेठेत थट्टा सुरू झाली. 'राखकाकी' असं नाव पडलं. काकींनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. राख कुणाचं काय घेत नाय."

पण एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. चिमा नेहमीप्रमाणे मोळी घेऊन आली आणि काकींनी हात जोडले.

"आता नको गं. मी लाकूड जाळायचं सोडलं."

चिमाला वाटलं तिच्याकडून काही चुकलं. "घरटं आनलं म्हनून? मी मुद्दाम न्हाई आनलं, काकी."

"तसं न्हाई. त्यो डोंगर बघितला म्हणून."

"डोंगर माझ्या दारात हाय, तुमी येकदाच बघितला," चिमा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण हसणं गेलं होतं. "मोळी न्हाई घेतली तर आमी खायाचं काय?"

काकींनी आतून बाजरी आणली. तिनं हात मागे घेतला. फुकटचं नको. काकी म्हणाल्या, हिरडा आण, घरचा व्यापारच हिरड्याचा आहे, फळ वेचलं तर झाड उभं राहतं. चिमानं मान हलवली. "हिरडा वर्साचा, काकी. प्वाट रोजचं हाय."

काकींनी आणलेली बाजरी खाली ठेवली. शब्दाला शब्द देणारी ही बाई अशी अडखळलेली मी बघितली नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, "मग असं कर. मोळी आण, पण वाळलेलीच. आपोआप पडलेलं तेवढंच वेच. जित्या झाडाला कोयती लावू नको. एवढीशी मोळी असली तरी चालेल, पैसे पूर्वीइतकेच." चिमानं थोडा विचार केला आणि हो म्हणाली. दोघींनाही हायसं वाटलं. मलाही वाटलं. वाटलं, सुटला गुंता.

त्यानंतर चिमाच्या मोळ्या लहान येऊ लागल्या, पण कशा! हलक्या, खणखणीत, हाडासारख्या वाळलेल्या काटक्या. झटकल्या तर धूळ निघे, मुंगी निघत नसे. काकी स्वतः त्या थोड्याच वापरायच्या, बाकी घराच्या चुलीला जायच्या. त्या चिमाला म्हणायच्या, "बघ, कसं जमलं!" आणि चिमा आपली तंबाखू मळत "जमलं की" म्हणायची. ती आणखी उशिरा येऊ लागली होती. कधी दिवे लागायच्या सुमाराला. पायांना भेगा पडलेल्या, पोटऱ्या ओरबाडलेल्या. काकींनी विचारलं तर म्हणायची, "वाट लांबची हाय." त्यापलीकडे काही सांगायची नाही.

पावसाळा सरत आला होता. एका बाजारच्या दिवशी चिमाऐवजी तिचा नवरा कोंडाजी आला. त्याच्या डोक्यावर मोळी होती. त्यानं ती मागच्या पडवीत टेकवली आणि तसाच उभा राहिला.

"चिमी गेली, काकी."

वरच्या कड्यावरून येताना निसरड्यात पाय गेला होता. मोळीसकट. लोकांनी तिला वर काढलं तेव्हा मोळीची गाठ सुटलेली नव्हती. "तुमच्याच घरची मोळी व्हती ही. म्हनून आनली," तो म्हणाला.

"कड्यावर कशाला गेली व्हती ती?" काकींनी विचारलं.

कोंडाजी साधा माणूस. त्याला दोष द्यायचा नव्हता, त्यानं फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं. "वाळल्यालं आता जवळ कुठं ऱ्हायलंय? पार वर जावं लागतं. बाकीच्या बाया खालीच वलं तोडत्यात. पर तुमाला वलं चालत न्हवतं ना."

काकी खाली बसल्या. कोंडाजीला बाजरी दिली ती मी. त्यानं ती घेतली, नको म्हणाला नाही, आणि मला तेच फार लागलं.

तो गेल्यावर काकींनी त्या मोळीची गाठ सोडली आणि पुंजणी मागितली. एकेक काटकी उचलून फरशीवर आपटली, झाडली, पुन्हा रचली. आत काहीच नव्हतं, कोरडी लाकडं होती, तरी सगळी झाली तेव्हा त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. मी शेजारी बसून राहिले. मला त्यांना सांगावंसं वाटलं की तुमचा दोष नाही. पण खोटं सांगण्याइतकी मी त्यांना परकी नव्हते, आणि खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. आजही नाही. लाकूड घेतलं तर डोंगर जातो, नाही घेतलं तर चिमाचं पोट जातं, आणि जपून घेतलं तर चिमाच गेली. मी म्हातारी झाले, मला यातला कुठला दरवाजा बरा होता ते अजून कळलेलं नाही.

ती मोळी काकींनी जाळली नाही. त्यांच्या खोलीत उशाशी उभी करून ठेवली. राखेचं पाणी पिणं चालूच राहिलं, पण जेवण कमी कमी होत गेलं. रोज सकाळी बांधायच्या नियमांत जिन्नस घटत गेले. शेवटी शेवटी भाकरीचा तुकडा आणि ताक एवढंच उरलं. पेठेतल्या बायका म्हणाल्या, काकींनी संथारा घेतला, अन्न सोडून मरण पत्करलं. तसं काही नव्हतं. संथाऱ्यात शांती असते. काकींना नुसती भूक लागेनाशी झाली होती.

एके सकाळी त्यांनी सासऱ्यांना बोलावून घेतलं. "माझ्या वेळी चिमाची मोळी लावा. आणि तुराट्या. झाड तोडायचं न्हाई."

सासरे "बरं" म्हणाले. दीर-भावजय आयुष्यभर भांडलेले, पण त्या दिवशी ते तिथून उठले नाहीत.

काकी थंडीत गेल्या, पहाटे, कण्हल्याशिवाय. आणि बाहेर दोन गाड्या लाकूड आलं. तुराट्यांवर माणूस जळत नाही, आणि भावजयीला काटक्यांवर नेलं तर पेठ काय म्हणेल, हे दोन्ही सासऱ्यांना माहीत होतं. त्यांच्यावर मी रागावले नाही. ते बाहेर उभे होते, डोळे लाल, आणि कुणाकडे बघत नव्हते. लाकूड ताजं तोडलेलं होतं. एका ओंडक्याला अजून पानं होती.

बायका मसणात जात नाहीत. मला जे करायचं ते अंगणातच करायचं होतं. मी घुंघट खाली ओढला, काकींच्या उशाची पुंजणी घेतली आणि सगळ्या पुरुषांसमोर त्या गाडीजवळ जाऊन बसले. पहिला ओंडका ओढला, जमिनीवर आपटला, झाडला. कुणीतरी म्हणालं, "अहो, उशीर होतोय." सासरे म्हणाले, "होऊ द्या." मग ते वाकले आणि दुसरा ओंडका त्यांनी स्वतः उचलून माझ्यापुढं धरला.

ओंडके खूप होते आणि जीवही खूप. मुंग्या, अळ्या, एक कोळी. ते सगळे अंगणभर पांगले. चिमाची मोळी सगळ्यांत वर बांधली. तिरडी उचलण्याआधी मी शेवटचं काकींकडं पाहिलं. त्या पानांच्या ओंडक्यातून निघालेली एक लाल मुंगी बांबूवरून चढून त्यांच्या उघड्या हातावर आली होती आणि मनगटापाशी थांबली होती. चार माणसं खांदा द्यायला वाकली होती, त्या सगळ्यांनी ती पाहिली. कुणीही तिला झटकलं नाही.